दादाचा कप, माझी ढुशी

आधी स्पष्ट सांगून टाकते. खेळ दादाचा होता. मामाने मस्कतहून आणला तो दादासाठी, खोक्यावर नाव घातलं ते दादाचं, आणि आज आमच्या टीव्हीवर जो पितळी कप उभा आहे त्यावर कोरलेलं नावही दादाचंच. पण तो खेळ खेळायला दादाला शिकवलं मी. हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलंय आणि प्रत्येकाने ‘असू दे ना गं आता’ म्हटलंय. नाही असू देणार. म्हणून लिहून काढतेय.

कांदिवलीला आमची पाच बिल्डिंगांची कॉलनी. बहुतेक कोकणातलीच माणसं. बाबांची गिरणी बंद पडली, मग ते एका हाफिसात शिपाई म्हणून लागले. दादा एका कारखान्यात अप्रेंटिस, पहिल्या पाळीला जायचा, चारला घरी. मी तेव्हा पार्ल्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. कॉलेज सकाळचं, एक वाजता मी घरात.

मामाने आणलेला डबा काळा, पुढच्या बाजूला लाकडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची पट्टी. त्याला वायरने जोडलेली एक काठी आणि काठीच्या बाजूला लाल बटण. डब्याच्या खाचेत कॅसेट खुपसायची, टीव्हीच्या मागची अँटेनाची चपटी वायर सोडवून तिथे डब्याची वायर लावायची, की टीव्हीवर खेळ यायचा. टीव्हीवर कार्यक्रम सुरू व्हायचे संध्याकाळी. तोवर आमचा शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही नुसता पडून असायचा.

कॅसेट एकच. पिनबॉल. खरं पिनबॉल म्हणजे काय ते आमच्या घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. मामा म्हणाला, कमरेएवढं उतरतं टेबल असतं, वर काच, आत लोखंडी गोळी. गोळी वरून घरंगळत येते, खुंट्यांवर आपटते, आपटेल तसे मार्क वाढतात. तळाला दोन छोटे हात असतात, त्यांनी तिला परत वर उडवायची. दोन हातांच्या मधून खाली गेली की गेली. अशा तीन गोळ्या मिळतात. आमच्या टीव्हीत ते अख्खं टेबल काचेत उभं असायचं, राखाडी, आणि गोळी चौकोनी. हो, चौकोनी. तिला गोल म्हणायचं आपण आपल्या मनाने.

दादाला विमानं पाडायचा खेळ हवा होता. दुसऱ्याच दिवशी त्याने काठी टाकली.

“यार, ह्याच्यात काय आहे? नुसती खाली पडते.”

मला मात्र छापलेलं काही दिसलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. दादाने ती उघडलीसुद्धा नव्हती. मी डिक्शनरी घेऊन बसले. शेवटच्या पानावर तळाला लिहिलं होतं की गोळी खेळात असताना लाल बटण दाबून धरायचं आणि काठी बाजूला लोटायची, म्हणजे अख्ख्या टेबलाला धक्का बसतो आणि गोळीची वाट बदलते. खऱ्या टेबलाला माणसं कंबरेने धक्का देतात, तसा. पण फार धक्के दिलेत तर टेबल बंद पडतं, हात लुळे होतात आणि गोळी डोळ्यांदेखत सरळ खाली जाते.

मी त्या धक्क्याला ढुशी म्हणायला लागले आणि टेबल बंद पडण्याला रुसणं. पंधरा दिवस दुपारी एक ते चार मी फक्त ढुशी शिकले. गोळी अगदी दोन हातांच्या मधोमध यायला लागली की एकच ढुशी मारायची, लहान, आणि बटण ताबडतोब सोडायचं. दोन मारल्या की रुसलंच समजा. आई भाकऱ्या थापता थापता बघायची.

“गो चेडवा, कितीय हाणलंस तरी ती खालीच पडतली.”

“पडू दे. उशिरा पडली पाहिजे.”

एकदा दादा चारला आला आणि दारातच थांबला. माझी पहिलीच गोळी अजून वर होती. मार्क त्याने कधी पाहिले नव्हते इतके.

“काय जादू करतेस गं?”

“ढुशी मारते.”

“मला दाखव ना. दाखव ना यार.”

दाखवलं. काठीवर त्याचा हात, त्याच्या हातावर माझा. त्याला घाई फार, तीन-तीन ढुश्या मारायचा, टेबल रुसायचं, तो डब्याला शिव्या द्यायचा. मी पुन्हा दाखवायची. महिनाभर. मग आमचा नियमच होऊन गेला. डबा बंद केला की मार्क पुसले जायचे, मागे काही उरायचं नाही. म्हणून जो खेळेल त्याने शेवटची गोळी पडली की दुसऱ्याला हाक मारायची, आणि दुसऱ्याने आकडा डोळ्यांनी पाहिला तरच तो खरा. साक्षीदार नाही तर आकडा नाही. हा नियमही मीच केलेला. दादाने एकदाही खोटी साक्ष दिली नाही, हेही लिहून ठेवते. तेव्हा तो तसा नव्हता.

भाद्रपद जवळ आला आणि मंडळाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर स्पर्धा लागल्या. त्या वर्षी मंडळाने नवा कलर टीव्ही घेतला होता आणि तो सगळ्यांना दाखवायचा होता. फळ्यावर खडूने लिहिलं होतं : ‘यंदाचे खास आकर्षण : व्हिडिओ गेम स्पर्धा (पिनबॉल). मुलांसाठी.’ आणि त्याच्याखाली, ‘रांगोळी व मोदक. मुली व महिलांसाठी.’

डबा आमचा. कॅसेट आमची. सेक्रेटरींनी बाबांना विचारलं, बाबांनी दादाला विचारलं, दोघांनी हो म्हटलं. मला फळ्यावरून कळलं.

मी तशीच सेक्रेटरींकडे गेले. ते आमच्या वरच्या मजल्यावरचे, लहानपणापासून काका म्हणायची मी त्यांना.

“काका, पिनबॉलमध्ये माझं नाव लिहा.”

“तुझं? अगं, तुमच्यासाठी रांगोळी आहे ना.”

“मला रांगोळी येत नाही.”

“मग शीक. दहा दिवस आहेत.”

“मला पिनबॉल येतो. कॉलनीत सगळ्यांत चांगला येतो. दादाला विचारा.”

ते हसले. “हे बघ बाळा, खोलीत पोरांची गर्दी असणार, आरडाओरडा असणार. उद्या तुझी आईच मला येऊन बोलेल. आणि मी कोण ठरवणारा? कार्यकारिणीचा निर्णय आहे. बदलायचा तर सभेत ठराव पाहिजे.”

“मग मी मांडते.”

“तू सभासद कुठे आहेस?”

मंडळाचे सभासद फक्त पुरुष. मांडव सजवायला आम्ही, आरतीच्या ताटांना आम्ही, प्रसादाचे मोदक वळायला आम्ही, आणि सभेला आम्ही गॅलरीत.

मी कॉलेजात एका छोट्या गटात होते. फीवाढीविरुद्ध पत्रकं काढायचो. स्टेन्सिल कापायला, सायक्लोस्टाइल फिरवायला, हात काळे करायला मी तिथे शिकले. पत्रकाची पहिली ओळ ओरडली पाहिजे, हे तिथलं शिक्षण. तेव्हा मी पत्रक काढलं. पहिली ओळ : ‘गोळीला मुलगा-मुलगी कळत नाही!’ खाली मंडळाला पाच सवाल. शेवटी, ‘मंडळ ही कुणाच्या बापाची जहागीर नाही.’ ती ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, खरं सांगते.

पण खरी चूक मागच्या बाजूला होती. मला वाटलं, उद्या म्हणतील की बाकी मुलींना खेळता कुठे येतं, एकटीसाठी नियम बदलायचा का? म्हणून मी मागे पिनबॉल कसा खेळायचा ते छापलं. काठीचं चित्र काढून. ढुशी कधी मारायची, किती मारायची, बटण कधी सोडायचं, टेबल का रुसतं, सगळं. ज्ञान लपवायचं नसतं, वाटायचं असतं, अशी तेव्हा माझी पक्की समजूत. ही चूक आमच्यासारख्या पत्रकवाल्यांनाच सुचते. लढाई लागायच्या आधी आपला दारूगोळा छापून घरोघर वाटला मी, पाचही बिल्डिंगांत, स्वतः जिने चढून.

कॉलनीतल्या पोरांनी मागची बाजू पाठ केली. पुढची कोणी वाचलीच नाही.

तळमजल्यावरच्या आजोबांनी मात्र वाचली. ते गिरणीत होते, जन्मभर कामगारांच्या सभा केलेला माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“पत्रक बरां आसा. बापाची जहागीर नको होती लिहूक. पण आता लिवलंस, ऱ्हवांदे. ठराव मी मांडतंय.”

“खरंच आजोबा?”

“मी सूचक. पण नुसतो सूचक चलत नाय. दुसऱ्या कोणी तरी उभा ऱ्हवान अनुमोदन दिल्याशिवाय ठराव चर्चेक पण येत नाय. अनुमोदक घरचो आण. भायरचो आणलंस तर म्हणतले, हिच्या पाठी कोण तरी आसा. तुझो भाव सभासद आसा मां?”

आहे. अठरा पूर्ण झाले त्याच दिवशी बाबांनी त्याला सभासद केलं होतं.

मी दादाला विचारलं तेव्हा तो खेळत होता. गोळी वर होती म्हणून त्याने मान वळवली नाही.

“हो गं. करतो. त्यात काय आहे?”

“उभं राहून म्हणायचं. ‘मी या ठरावाला अनुमोदन देतो.’ म्हणून दाखव.”

“मी या ठरावाला अनुमोदन देतो. झकास?”

“आणखी एकदा.”

“अगं गोळी जाईल ना!” पण म्हटलं त्याने. दोनदा म्हटलं. आई साक्षीला होती.

सभा रविवारी सकाळी, मांडवाच्या बांबूंजवळ, सतरंज्यांवर. आम्ही मुली आणि बायका पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. दादा मधल्या ओळीत बसलेला मला सरळ दिसत होता. त्याने मी इस्त्री केलेला शर्ट घातला होता.

आजोबा काठी टेकत उठले. सभेत ते शुद्ध मराठी बोलायचे. “पिनबॉल स्पर्धा मुलगे व मुली या सर्वांसाठी खुली असावी, असा ठराव मी मांडतो.”

कोणीतरी मागून ओरडलं, “आजोबा, तुम्ही पण खेळणार काय?” हशा. सेक्रेटरींनी हात वर करून शांत केलं.

“ठराव आलाय. अनुमोदक कोण?”

मी दादाकडे बघितलं. तो खाली बघत होता. मला वाटलं, वाक्य आठवतोय.

“अनुमोदक?”

सगळी सभा दादाकडे बघायला लागली. सगळ्यांना माहीत होतं पत्रक कोणी काढलं आणि ती कोणाची बहीण. दादाने पुढ्यात काढून ठेवलेली चप्पल उचलली आणि तिचा अंगठा नीट करायला लागला. अंगठा धड होता. मी स्वतः आदल्या आठवड्यात शिवून आणली होती ती चप्पल. त्याच्या शेजारच्या एका पोराने जरा चुळबुळ केली, उठावं की नाही अशी, पण दादाकडे बघून तोही बसला. बरोबर आहे. ज्याच्या घरचा प्रश्न तोच गप्प, तर बाकीच्यांनी कशाला उठायचं?

“तिसऱ्यांदा विचारतो. अनुमोदक कोणी आहे?”

मी गॅलरीतून ओरडले, “दादा!”

त्याने वर बघितलं नाही.

“अनुमोदक नसल्याने ठराव बारगळला. पुढचा विषय, लाउडस्पीकर.”

आजोबा तसेच उभे होते. त्यांना खाली बसायला हात द्यायचंही कोणाला सुचलं नाही. माझ्याविरुद्ध कोणी एक शब्द बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं तयार होती, पाच सवालांची पाच. विरोधच झाला नाही. मी हरले ती चर्चेशिवाय, मतांशिवाय, चपलेच्या अंगठ्यावर.

जिन्यात गाठलं त्याला.

“का?”

“अगं, तू ते बापाची जहागीर वगैरे लिहिलंस. लोक चिडले ना.”

“ते मी आठ दिवसांपूर्वी लिहिलं. तू अनुमोदन म्हणून दाखवलंस परवा. खरं सांग.”

“जाऊ दे ना.”

“खरं सांग दादा.”

तो कठड्याला टेकला. “काल काका भेटले. म्हणाले, तुझा डबा, तुझा खेळ, कप तुझाच समज. आणि ही आली तर? सगळ्या कॉलनीसमोर बहिणीकडून हरशील, चालेल तुला?”

“मग?”

“मग काय मग? मी हरलो असतो गं.”

एवढंच कारण. काही परंपरा नाही, शिस्त नाही, आईची काळजी नाही, गर्दी नाही. मी पत्रकात ज्या-ज्या मुद्द्यांचं खंडन केलं होतं त्यांतला एकही नाही. मी जिंकणार हे त्याला माहीत होतं, म्हणून मला खेळू दिलं नाही. आणि हे त्याला माहीत होतं कारण माझ्या प्रत्येक आकड्याचा साक्षीदार तोच होता.

मी घरात आले आणि खाचेतली कॅसेट काढून हातात घेतली. बाबा पेपर वाचत होते.

“ठेव ती.”

“डबा देणार नाही म्हणून सांगा त्यांना.”

“मंडळाला शब्द दिलाय आपण.”

म्हणजे मंडळाला दिलेला शब्द मोडता येत नाही. मला दिलेला येतो. हे बाबांना मी तोंडावर सांगितलं. आई म्हणाली, “गप रव गो आता,” पण तिचा आवाज बाबांकडे नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता. ती स्टोव्हकडे बघत होती. मी कॅसेट ठेवली. मला अजून कळत नाही मी ती का ठेवली.

स्पर्धा गणपतीच्या पाचव्या दिवशी दुपारी झाली. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. खोलीच्या दारात पोरांची भिंत. त्यांच्या खांद्यांवरून मी टीव्ही बघितला आणि क्षणभर सगळं विसरले. टेबल निळं होतं. गडद निळं, आणि खुंट्या केशरी. इतके दिवस मी ज्या टेबलावर डोळे फोडले ते असं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरात ते राखाडी होतं. त्याचा रंग मला दारातून बघावा लागला.

पोरं एकेक करून खेळत होती. दोघा-तिघांच्या खिशातून माझं पत्रक डोकावत होतं, मागची बाजू वर. एकजण मित्राला शिकवत होता, “एकच मार, लगेच सोड, नाहीतर रुसतं.” माझे शब्द. रुसतं, ढुशी, सगळे. कोणाचे ते विचारायची कोणाला गरज नव्हती.

दादा शेवटी खेळला. चांगला खेळला, नाही म्हणणार नाही. तिसरी गोळी दोन हातांच्या अगदी मध्ये आली आणि त्याने एकच ढुशी मारली, लहान, आणि बटण सोडलं. माझं बोट हवेत दाबलं गेलं. गोळी वळली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सेक्रेटरींनी पाठ थोपटली. कप त्याच संध्याकाळी आरतीनंतर, लाउडस्पीकरवर नाव पुकारून; त्यावर ते कोरलं मागाहून.

घरी आल्यावर आईने कप टीव्हीवर ठेवला, खाली क्रोशाचा रुमाल घालून. रुमाल मी विणलेला.

विसर्जनानंतर डबा परत आला. चार-पाच दिवस मी त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी आई पाण्याच्या रांगेत गेली होती, घरात कोणी नव्हतं, आणि मी वायर लावली. टेबल पुन्हा राखाडी. मी तशी कधीच खेळले नव्हते. डोक्यात काही नव्हतं, फक्त हात. पहिली गोळी पडायला तयारच नाही. दुसरी गेली, तिसरी वर राहिली. दादाचा स्पर्धेतला आकडा मागे पडला तेव्हाही तिसरी वर होती. माझा स्वतःचा सगळ्यांत मोठा आकडाही मागे पडला. मग ती मधोमध आली, मी ढुशी मारली नाही, जाऊ दिली.

मागे वळून बघते तर दादा दारात. चार वाजून गेले होते. जेवणाचा डबा हातात, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“बघितलं मी,” तो म्हणाला. “बापरे. बघितलं मी गं. खरा आहे आकडा.”

नियमाप्रमाणे त्याने साक्ष दिली होती. वाटलं असेल त्याला की झालं, मिटलं.

“खाली जाऊन सांगशील?”

“काय?”

“हेच. खोलीसमोर पोरं बसलीत. काकाही असतील. चल, मी येते बरोबर. फक्त एवढंच सांग की माझ्या बहिणीचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे, मी डोळ्यांनी बघितलाय.”

त्याने खाली बघितलं. पायात चप्पल नव्हती, दाराबाहेर काढून आला होता. तरी खालीच बघत राहिला.

मी तीनदा विचारलं. सभेत तीनदाच विचारतात.

मग मी पुढे होऊन डब्याचा स्विच खाली केला. आकडा गेला, टेबल गेलं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या उरल्या आणि त्यांच्यावर तो कप.

“अगं, बंद कशाला केलंस?” दादा म्हणाला. “आईला तरी दाखवला असता.”